नारपोलीत आवाज चालत नाही

माझा आवाज मोठा आहे. परभणीला आमच्या दारातून मी भाजीवाल्याला हाक मारली, की पलीकडच्या गल्लीतला भाजीवालाही थांबतो. आई आयुष्यभर म्हणत आली, "अगं हळू बोल, लोकांना वाटेल भांडण चाललंय." भिवंडीत सहा दिवस राहून आले आणि आता तीच विचारते, "काय गं, बरं नाही का तुला? आवाज कुठं गेला?"

आवाज कुठं गेला नाही. त्याची घमेंड तेवढी गेली.

माझं काम फिरतीचं. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. हे नाव समजावून सांगेपर्यंत समोरच्याचा चहा गार होतो, म्हणून लोक आपापली सोय करून घेतात. कुणी 'व्यायामवाल्या मॅडम' म्हणतं, कुणी सरळ 'मालिशवाली'. मालिश मी करत नाही. अपघातानं किंवा आजारानं माणसाचं जे रोजचं काम सुटतं, ते त्याच्या हाताला परत जमावं म्हणून खटपट करते. कुणाला शर्टाची बटणं लावायची असतात, कुणाला भाकरी थापायची असते. आमची संस्था मला गावोगाव रुग्णांच्या घरी पाठवते, आठवडाभर ठेवते आणि परत बोलावते. यंदा भिवंडी आली. मैत्रिणी म्हणाल्या, "तिथं काय आहे बघायला? ट्रक?" ट्रक आहेतच. पण मी गेले होते ते दोन बोटांसाठी.

सोमवार, नारपोली

रिक्षातून उतरले आणि भिवंडी आधी पायांना कळली. जमीन थरथरत होती. मग आवाज आला. गल्लीत दोन्ही बाजूंना तळमजल्यावर कारखाने, आत ओळीनं यंत्रमाग, इथल्या भाषेत लूम, आणि सगळ्या एकदम खटाखट, खटाखट. आमच्याकडं लग्नाच्या वरातीत बँडवाला कानाशी आला की आपण दोन पावलं मागं सरकतो. इथं मागं सरकायला जागाच नाही, मागंही कारखाना.

जनार्दनदादांची खोली अशाच एका कारखान्याच्या वर. खोली एकच, पण लखलखीत. मांडणीवरची झाकणं खालच्या लूमच्या तालावर किणकिणत होती. दादा चाळिशीचे, मूळ गाव कल्याण रस्त्यावरचं कोन, घरची भातशेती भावकीत वाटून संपलेली. वीस वर्षं ते लूमवर. साडेतीन महिन्यांपूर्वी उजवा हात मशीनच्या पट्ट्यात सापडला, तळव्यात खोल कापलं. ठाण्याला ऑपरेशन झालं, जखम छान भरली. पण अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट, दोन्ही बधिर.

त्यांची बायको सुगंधा. ती चहा टाकताना नवऱ्याकडं बघायची, ओठ हलवायची, आवाज काढायची नाही. तेही तसेच. मी मनात म्हटलं, अरे देवा, यांचा अबोला चाललेला दिसतोय, मी नेमकी भांडणात आले. बघा, किती हुशार मी!

चहा आला. दादांनी गरम पेला उजव्या हातात घेतला आणि बोलत बसले. मी बोटांकडं बघितलं. मधल्या बोटावर टपोरा फोड होता.

"हा कधी आला?"

"कुठं?" त्यांनी बोट उलटं करून बघितलं. "आयला! न्हाय ठावं."

मी पेला काढून घेतला. भाजलेलं ज्या बोटाला कळत नाही, ते बोट चालत्या मशीनमध्ये जाणार होतं.

तपासणी सुरू केली. डोळे बंद करायचे, मी हातात वस्तू देईन, बधिर बोटांनी चाचपून ओळखायची. बटण, काडी, दोरा, चिंचोका. दादांनी चारही बरोबर सांगितल्या. मी खूश झाले आणि मग दिसलं, त्यांचं करंगळीशेजारचं बोट गुपचूप पुढं सरकून वस्तू चाचपत होतं.

"दादा, ही लबाडी आहे!" मी ओरडले. "ते बोट मागं घ्या. चांगल्या बोटाचं मला काय करायचंय? मला आजारी बोट हवंय!"

ते शाळकरी पोरासारखे ओशाळले. पुन्हा केलं तेव्हा एकही वस्तू ओळखता आली नाही.

मग त्यांनी घाई कशाची ते सांगितलं. त्यांच्या सहा लूम होत्या. साडेतीन महिने सोबतचे कारागीर, त्यातही मुख्य म्हणजे सलीमचाचा, आपल्या कामासोबत त्या सांभाळत होते. आता शेठनं मुदत दिली होती. शनिवारी हात दाखवायचा आणि हात कामाला चालेल असा मॅडमचा कागद आणायचा, नाहीतर लूम दुसऱ्याला.

"काम काय करावं लागतं नेमकं?" मी विचारलं.

"धागा तुटला की गाठ मारायची."

"लूम बंद करून ना?"

दादा आणि सुगंधा दोघं हसले. "बंद करून गाठ मारतोय तो शिकाऊ, मॅडम. मी चालूवर मारतंय. वीस वरसात हँडलला हात न्हाय लावला गाठीसाठी. समदे हसतील ना!"

म्हणजे समोर फणी ठोकतेय, आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडं सुटतोय आणि त्याच्या मधल्या फटीत बोटं घालून तुटलेला धागा सांधायचा. कारागिराची इज्जत त्यातच.

मंगळवार, वळ

वळ गावात गोदामांची रांग लागते, एकेक गोदाम आमच्या अख्ख्या बाजार समितीएवढं. तिथं पॅकिंगचं काम करणाऱ्या एका ताईंचा खांदा आखडला होता. त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी, पांढरीशुभ्र, आणि वर सुकटीचं कालवण. मी ज्वारीच्या मुलखातली. पहिला घास घेताना वाटलं, ही भाकरी आहे की रुमाल? तिसऱ्या भाकरीला हे विचार बंद झाले.

येताना माझी तपासणीच्या सामानाची पेटी रिक्षात उलटली, चिंचोके सगळे सीटखाली. गोळा करताना रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, चिंचोके खेलने का टाइम है क्या?" हसायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर दादांच्या बोटावरचा तो फोड होता.

बुधवार, नारपोली

तासभर सगळे प्रयोग केले. कापूस, खरखरीत कापड, सुई, गार पाणी, गरम पाणी. दोन्ही बोटं ढिम्म. पुढं थोडंफार कळायला लागेलही, पण लूमवर भरवसा ठेवण्याइतकं नाही, हे मला दिसत होतं. दादा मात्र घाम येईपर्यंत करत होते. "मॅडम, आज जरासं लागलं वाटतं मना." काही लागलं नव्हतं. मी आणि गरम पाणी दोघंही हे जाणून होतो.

मी आमच्या संस्थेतल्या मोठ्या मॅडमना फोन लावला. खोलीत बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून खाली उतरून गल्ली ओलांडून समोरच्या ओट्यावर उभी राहिले. त्या खटाखटीत पलीकडं ऐकू जावं म्हणून शब्द अगदी तोडून तोडून, तोंड मोठं उघडून बोलले.

"बोटांत जीव येत नाहीये. लूमवर पाठवता येणार नाही. नाही, त्यांना अजून सांगितलं नाही. आत्ता सांगितलं तर व्यायाम सोडतील. शनिवारी बघते, जाताजाता सांगेन."

वर खिडकीत दादा उभे होते. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही. मला वाटलं, ऊन डोळ्यांवर आलं असेल.

वर गेले तर ते खिडकीतच उभे होते. म्हणाले, "उद्या नका येऊ मॅडम. उद्या आराम करतंय." मला वाटलं, दमले बिचारे. भिंतीला कान असतात हे लहानपणापासून ऐकत आले होते. खिडकीबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं.

गुरुवार, कोन

कोनला दादांची मोठी बहीण शेवंताताई राहते. तिच्या यजमानांना लकवा झालेला, त्यांना बसल्याबसल्या सदरा घालायला शिकवायचं होतं. शेवंताताईनं स्वतः तीस वर्षं नारपोलीत कांड्या भरल्या, म्हणजे धोट्यात बसतात त्या सुताच्या रिळी. आता गुडघ्यांमुळं घरी असते.

सदऱ्याची एक बाही घालून झाली, आणि ताई दारात उभी राहून अंगणापलीकडच्या शेजारणीकडं बघून ओठ हलवायला लागली. आवाज नाही. शेजारीणही तशीच. एकदम दोघी खळखळून हसल्या.

"काय झालं हो, ताई?"

"काय न्हाय गो बाय. ती इचारते, ही बाई नवऱ्याला सदरा घालते का शिकवते? मी म्हंगलं, तीस वरसं मीच घालतंय, आता तरी शिकू दे!"

"पण तुम्ही आवाज कुठं काढलात?"

"आवाज कशाला? आमी लूमवरची मानसं. तिथं गळा फारलास तरी कोन ऐकतंय? तोंडाकरं बघायचं. पार त्या टोकाचा मानूस काय बोलतंय ते कलतंय आमाला. घरात पन तीच सवय लागली. आमचा जनू तर लय हुशार. गल्लीच्या त्या अंगाचं बोलनं खिरकीतनं वाचतंय!"

सदऱ्याची दुसरी बाही माझ्या हातातच राहिली.

ओटा. खिडकी. तोंड मोठं उघडून, तोडून तोडून बोललेले माझे शब्द. अगं माय! मी त्या माणसाच्या पाठीमागं नाही, त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहून बोलले होते, 'जाताजाता सांगेन'. सोमवारचा तो अबोलाही अबोला नव्हताच. मला माझीच लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग भीती आली.

सुगंधाला फोन लावला. ती म्हणाली, "ते ना? सकालीच ड्युटीला गेले. तुमीच हो म्हंगलंत ना? कारखान्याच्या मेहताला पन तसंच सांगितलं त्यांनी."

शेवंताताईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता माझी पेटी उचलून रिक्षापर्यंत आणून दिली.

रस्त्यावर कंटेनरची रांग लागली होती. रिक्षावाल्यानं हात वर केले. मी कधी त्याच्यावर ओरडले, कधी कंटेनरवर. शेवटचा टप्पा पेटी छातीशी धरून पळाले.

कारखान्याच्या दारात पोचले आणि आवाजाच्या भिंतीवर आदळले. दोन्ही हातांना लूमच्या रांगा, हवेत कापसाची भुकटी. डावीकडं तिसऱ्या लूमवर दादा पाठमोरे उभे. त्यांचा उजवा हात फणीजवळ होता. खाली पांढरं कापड इंचाइंचानं पुढं सरकत होतं आणि त्यावर लाल ठिपके पडत होते.

रक्त त्यांचंच होतं. त्यांना ते माहीतच नव्हतं. नजर शेजारच्या लूमच्या तुटलेल्या धाग्यावर, आणि हात अजून आत.

"दादा!" मी ओरडले. "जनार्दनदादा! हात काढा!" जन्मात एवढ्या जोरात ओरडले नव्हते. कुणी मान वळवली नाही. माझा आवाज मलासुद्धा ऐकू आला नाही. पुढं धावावं तर मधली वाट हातभर रुंद, दोन्हीकडं पट्टे फिरताहेत. माझ्या ओढणीकडं बघून मेहतानं, म्हणजे तिथल्या मुकादमानं, मला दारातच दंडाला धरून अडवलं.

तेवढ्यात पार टोकाला एक पांढरी दाढी दिसली. सलीमचाचा. ते माझ्याकडं बघत होते. नेमकं सांगायचं तर, माझ्या तोंडाकडं.

मी ओरडणं बंद केलं. श्वास घेतला, आणि आवाज न काढता, मोडक्या हिंदीत एकेक शब्द ओठांवर मांडला. "जनार्दन. बोट. खून. बंद करो."

चाचांनी हात वर केला. त्यांचे ओठ हलले. मधल्या लूमवरच्या माणसानं ते वाचलं, त्याचे ओठ हलले, आणि दादांच्या शेजारच्या माणसानं वळून त्यांच्या लूमचं हँडल खाडकन ओढलं. सगळं मिळून माझ्या दोन श्वासांएवढा वेळ लागला असेल.

दादा चिडून वळले. आपली लूम कुणी बंद केली? मग त्यांनी चाचांचे ओठ बघितले. मग स्वतःचा हात.

अंगठ्याशेजारच्या बोटाचं टोक फाटलं होतं. बोट शाबूत होतं. दवाखान्यात टाके घालताना डॉक्टर म्हणाले, "सुन्न करायचं इंजेक्शन देतो," तर दादा म्हणाले, "राहू द्या. सुन्नच हाय ते." आणि ते रडायला लागले. टाक्यांमुळं नव्हे, हे मला कळत होतं.

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मॅडम, तुमी तिकडं जाऊन बोललात. मना सांगायला पायजे होतं. माझं बोट हाय ना?"

"हो," मी म्हटलं. "चुकलं माझं." खरंच चुकलं होतं.

शुक्रवार, नारपोली

शुक्रवारी भिवंडीच्या लूम बंद असतात. गल्लीत पाय ठेवला आणि कान गच्च झाले, एवढी शांतता. झाकणं किणकिणत नव्हती. कुठंतरी फोडणी टाकली ती ऐकू आली. गंमत म्हणजे त्या शांततेत सगळे मोठमोठ्यानं बोलत होते. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

मी दादांच्या आणि सुगंधाच्या समोर बसले आणि सगळं सांगितलं. ही दोन बोटं लूमवर भरवशाची नाहीत. वर्षानं थोडं कळेल, कदाचित नाहीही. चालत्या लूमवर गाठ मारलीत तर काल टोक फाटलंय, उद्या पेर जाईल. सुगंधा पदर तोंडाला लावून बसली. दादांनी एवढंच विचारलं, "मग मी करू काय?"

मी म्हटलं, लूमसमोर जाऊन बघू. आम्ही खाली कारखान्यात गेलो. मेहतानं चावी दिली, चाचाही आले. बंद लूमसमोर उभं राहून मी म्हटलं, बांधून दाखवा. पट्टी बांधलेलं बोट त्यांनी बाजूला धरलं, मधल्या बोटानं प्रयत्न केला, धागा निसटला. पुन्हा निसटला. मग सवयीनं तेच करंगळीशेजारचं बोट पुढं सरकलं, आणि दादांनी घाबरून माझ्याकडं बघितलं. सोमवारी मी ओरडले होते ना!

मी कपाळावर हात मारला. सोमवारी ज्याला लबाडी म्हटलं होतं, तोच तर रस्ता होता. त्या बोटाला सगळं कळत होतं. बिचारं आपणहून मदतीला आलं होतं, आणि मी मॅडमपणा करून त्याला हाकलून दिलं होतं.

"हेच वापरा," मी म्हटलं. "अंगठा आणि हे. पण लूम बंद करून. आणि डोळे बोटांवर."

"बंद करून?" दादांचा चेहरा पडला. "शिकाऊसारखं?"

चाचा पुढं झाले. ते म्हणाले, "जनार्दन, मैं चालीस साल से चालू पे मारता हूँ. ये देख." त्यांनी डावा हात पुढं केला. करंगळीचं वरचं पेर नव्हतं. "इज्जत का भाव है ये. तेरे को देने का है क्या?"

दुपारपर्यंत दादांनी किती गाठी मारल्या, मोजलं नाही. आधीच्या निसटल्या, नंतरच्या बसल्या. हळू, पण बसल्या.

शनिवार, नारपोली

सकाळी शेठ आले. आम्ही दारात, मी आणि सुगंधा, माझी ओढणी या वेळी कमरेला घट्ट खोचलेली. लूम चालू होत्या. शेठ दादांच्या मागं हाताची घडी घालून उभे राहिले. सगळा कारखाना आपापलं काम करत होता आणि सगळा कारखाना दादांकडं बघत होता.

धागा तुटला.

दादांचा हात वीस वर्षांच्या सवयीनं सरळ आत निघाला. सुगंधानं माझं मनगट पकडलं. मी ओठ मिटून घेतले. आता मी काही सांगायचं नव्हतं.

हात मध्येच थांबला. मागं आला. आणि दादांनी हँडल ओढलं.

एक लूम थांबल्याचं त्या गदारोळात ऐकू येत नाही, पण सगळ्यांना दिसलं. कोपऱ्यातला एक तरुण कारागीर हसला, चाचांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं, तो खाली बघायला लागला. दादा वाकले. अंगठा आणि ते शहाणं बोट. पहिली गाठ निसटली. दुसरी बसली. त्यांनी लूम सुरू केली.

शेठ मेहताकडं वळून काहीतरी बोलले.

"काय म्हणाले?" मी सुगंधाला विचारलं.

तिनं ओठ वाचले होते. तिचा चेहरा हसावं की रडावं अशा जागी थांबला होता. "दोन लूम म्हंगतंय. सहाच्या दोन. आन बंद करून मारली तर चालंल, पन कागद पायजे."

सहाच्या दोन. दादांनी ते आमच्या आधीच वाचलं होतं. काही क्षण ते उरलेल्या चार लूमकडं बघत राहिले. मग वळून माझ्याकडं बघितलं. मी पेटीवर कागद ठेवला, पेन काढलं आणि आवाज न काढता विचारलं, "काय लिहू?"

त्यांनी उत्तर दिलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, नवख्या माणसाला समजेल असं. मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचे ओठ वाचले.

"जे. हाय. ते. लिवा."

मी लिहिलं, की दोन बोटांना स्पर्श कळत नाही, चालत्या लूमवर गाठ मारायची नाही, लूम थांबवून हे कारागीर उत्तम काम करतात. शेठनी बघून झाल्यावर मेहताच्या हातून कागद दादांकडं गेला. त्यांनी तो सगळा वाचला, अंगठा आणि त्या बोटात धरून घडी घातली आणि खिशात ठेवला.

तेवढ्यात दुसऱ्या लूमवर धागा तुटला. दादांनी आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पुढं झाले आणि हँडल ओढलं.